तुरा कोणासाठी? – ग्रीक शिरस्त्राणांवरच्या प्रतीकांविषयी थोडं



आजचा विषय प्राचीन ग्रीक योद्ध्यांच्या शिरस्त्राणांचा, म्हणजे त्यांवरच्या तुऱ्यांचा, शिंगांचा, पंखवाल्या प्राण्यांचा. तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तराने लोखंड-काशात कशाला डोकं घालावं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. त्याचं उत्तर शेवटी मिळेल अशी आशा धरू या.

मराठीत आपण सहज म्हणून जातो, 'अमक्याच्या शिरपेचात आणखी एक मानाचा तुरा'. ज्याच्याविषयी बोलतो त्याच्या डोक्यावर ना शिरपेच असतो ना तुरा. डोक्यावरची वस्तू गेली, भाषेत मान तेवढा उरला. प्रतीकांचं बहुतेक असंच होतं. पण ग्रीक योद्ध्याच्या डोक्यावर तुरा खराच होता. घोड्याच्या केसांचा, उन्हात तापलेल्या काशावर बसवलेला, घामाने आणि धुळीने चिकटणारा. त्या तुऱ्याचा 'अर्थ काय' असं विचारण्याआधी तो एक वस्तू होता हे विसरून चालणार नाही.

आता एक कबुली देतो. प्रतीक म्हणजे काय हा विषय आम्ही बरीच वर्षं वर्गात शिकवला. फळ्यावर दोन रकाने आखायचो. डावीकडे चिन्ह, उजवीकडे अर्थ. साप म्हणजे पुनर्जन्म, स्फिंक्स म्हणजे गूढ, घोडा म्हणजे वेग, सिंह म्हणजे शौर्य. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, आम्ही गुण द्यायचो. सगळं सुरळीत चाललं होतं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, हे समोरच्या शत्रूला कळायचं का?" आम्ही हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर उत्तर माहीत नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेलं उत्तर समजा.

प्रथम तो दोन रकान्यांचा तक्ताच तपासू. ग्रीक जगातलं सर्वांत प्रसिद्ध सजवलेलं शिरस्त्राण कोणतं? अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातल्या अथीनेच्या मूर्तीचं. फिडियसने घडवलेली ही सोन्या-हस्तिदंताची मूर्ती इ.स.पू. ४३८ मध्ये प्रतिष्ठापित झाली. मूळ मूर्ती नष्ट झाली, पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसॅनियस नावाच्या प्रवाशाने ती पाहिली आणि वर्णन लिहून ठेवलं. शिरस्त्राणाच्या मध्यभागी स्फिंक्स, दोन्ही बाजूंना ग्रिफिन. ग्रिफिन म्हणजे धड सिंहाचं, चोच आणि पंख गरुडाचे असा प्राणी.

इथे आपल्याकडे प्रत्यक्ष साक्षीदार आहे, तोही ग्रीक बोलणारा, देवधर्म जाणणारा. तो काय सांगतो? स्फिंक्सची गोष्ट पुढे बिओशियाच्या प्रकरणात सांगेन म्हणतो. ग्रिफिनांविषयी सांगतो की अरिस्टियस नावाच्या कवीच्या म्हणण्याप्रमाणे ते सोन्यासाठी एकडोळ्या अरिमास्पी लोकांशी लढतात. बस्स. 'स्फिंक्स म्हणजे अमुक, ग्रिफिन म्हणजे तमुक' असं एक वाक्य नाही. त्याला अर्थ विचारला तर तो गोष्ट सांगतो. गंमत म्हणजे क्टेसियस नावाच्या ग्रीक लेखकाने हेच सोन्याचे राखणदार भारतातल्या डोंगरांत आणून बसवले होते. म्हणजे गोष्ट एका जागी थांबत नाही, फिरत राहते. आमच्या तक्त्यातला उजवा रकाना मात्र गच्च बंद होता. चूक तिथेच होती. गोष्ट आणि अर्थ या एकच गोष्टी नव्हेत. गोष्ट ऐकणारा तिच्यात स्वतःची भर घालू शकतो, तक्त्यातला अर्थ फक्त पाठ करायचा असतो.

कुणी म्हणेल, देवीच्या मूर्तीचं सोडा, माणसाच्या डोक्यावरचं दाखवा. बरं, दाखवू. क्रीट बेटावर अफ्राती इथे सापडलेल्या चिलखतांचा एक गट आहे, इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचा. त्यातलं एक काशाचं शिरस्त्राण आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या दोन्ही बाजूंवर पंख असलेले दोन तरुण समोरासमोर उभे आहेत आणि त्यांनी एकमेकांत गुंफलेले साप हातात धरले आहेत. काम इतकं नाजूक की बघत राहावं. हे तरुण कोण? साप कशाचे? पंडितांनी नावं सुचवली आहेत, पण त्या तरुणांच्या शेजारी नाव कोरलेलं नाही. शिरस्त्राणावर नाव आहे ते वेगळ्याच कुणाचं: निओपोलिस. या गटातल्या काही वस्तूंवर 'अमक्याने हे मिळवलं' अशा धर्तीचे लेख आहेत, म्हणजे ही लढाईतली लूट असावी.

आता विचार करा. कारागिराने पंखवाले तरुण घडवले, पहिल्या मालकाने ते मिरवले. मग शिरस्त्राण हिसकावून घेतलं गेलं, आणि घेणाऱ्याला त्या तरुणांविषयी एक अक्षरही लिहावंसं वाटलं नाही. त्याने लिहिलं आपलं नाव. त्याच्या दृष्टीने त्या वस्तूचा अर्थ चित्रात नव्हताच, तो मिळवण्यात होता. एकाच वस्तूचे दोन मालक, दोन अर्थ.

तक्ता मोडला की लोक दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, अहो, प्रतीक वगैरे काही नाही, सगळं उपयोगाचं आहे. तुरा असला की माणूस उंच दिसतो, शत्रू घाबरतो, आपली माणसं ओळखू येतात. हे स्पष्टीकरण शहाणपणाचं वाटतं म्हणूनच त्याची जरा जास्त तपासणी करायला हवी.

हिरोडोटस सांगतो की शिरस्त्राणाला तुरा बांधायची पद्धत ग्रीकांनी कॅरियन लोकांकडून घेतली. ढालीवर चिन्हं काढणं आणि ढालीला मूठ लावणं हेही त्यांचंच. बघा, मूठ, चिन्ह आणि तुरा ही तिन्ही त्याने एका दमात सांगितली. त्यातली मूठ उघडच उपयोगाची. मग तुरा आणि चिन्ह? त्यांना तो वेगळं काढत नाही. लढणाऱ्या माणसाच्या सामानात तो त्यांची गणती करतो.

उपयोगाचाच विचार करायचा तर कोरिंथियन पद्धतीचं शिरस्त्राण पाहू. काशाच्या एका पत्र्यातून ठोकून काढलेलं, नाकावर पट्टी, गालांवर पाळी, डोळ्यांसाठी बदामी भोकं. कान झाकलेले. घातलं की ऐकू कमी येतं, आजूबाजूचं दिसत नाही, आणि चेहरा नाहीसा होतो. शेकडो माणसं एका ओळीत उभी आणि सगळ्यांचा चेहरा एकच, काशाचा. हा तुऱ्याइतकाच भीतिदायक प्रकार आहे, आणि इथे कुठलंही चिन्ह नाही. भीती चिन्हातून येत नाही, चेहरा पुसण्यातून येते. तुरा मग कशासाठी? आमचा तर्क असा की पुसलेल्या चेहऱ्याच्या जागी दुसरं काही द्यावं लागतं. चेहरा काढून घेतला की माणूस वर कुठेतरी स्वतःची खूण लावतो.

हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ संग्रहालयात एका योद्ध्याची छोटी काशाची मूर्ती आहे. अंगाभोवती घट्ट लपेटलेला झगा, आणि तुरा पुढून मागे न जाता या कानापासून त्या कानापर्यंत आडवा. आडवा तुरा म्हणजे अधिकारी, असं पुष्कळ पुस्तकांत ठामपणे लिहिलेलं आढळतं. असेलही. पण तसं सांगणारा त्या काळातला एकही ग्रीक लेखक नाही. शक्यता आणि पुरावा यांच्यातली ही रेघ पुसली की टीकाशास्त्र संपलं आणि दंतकथा सुरू झाली.

खूण लावली की तिचं ओझं येतं. इ.स.पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकस नदीवर अलेक्झांडर लढला तेव्हा, प्लुटार्क सांगतो, त्याच्या शिरस्त्राणाच्या दोन्ही बाजूंना भलेमोठे पांढरे शुभ्र पीस होते. आपल्या माणसांना तो दुरून दिसत होता, तसाच शत्रूलाही दिसत होता. दोन पर्शियन सरदार थेट त्याच्यावर आले. एकाच्या कुऱ्हाडीने तुरा एका पिसासकट उडाला, पातं केसांपर्यंत पोचलं. क्लिटस मध्ये पडला नसता तर जगाचा इतिहास तिथेच वळला असता. ज्या खुणेने राजा ओळखू आला त्याच खुणेने तो निशाणा झाला.

एपिरसच्या पिऱ्हस राजाची कथा याहून बोलकी आहे. त्याच्या शिरस्त्राणावर उंच तुरा आणि बोकडाची शिंगं असायची. इ.स.पू. २८० मध्ये हेराक्लिया इथे रोमनांशी लढताना, आपण फार नजरेत भरतो आहोत हे पाहून त्याने आपला झगा आणि शस्त्रं मेगाक्लीस नावाच्या सोबत्याला दिली आणि त्याची आपण घातली. रोमनांनी मेगाक्लीसला मारलं, त्याचं शिरस्त्राण फिरवून 'पिऱ्हस मेला' म्हणून जल्लोष केला. पिऱ्हसचं सैन्य खचलं. मग राजाला उघड्या तोंडाने रांगांमधून घोडा दौडवत, मी जिवंत आहे हे ओरडून सांगावं लागलं. म्हणजे काय झालं? चिन्ह माणसापासून सुटलं. ते ज्याच्या डोक्यावर गेलं तो राजा ठरला आणि राजा म्हणून मेला. खऱ्या राजाला आपला चेहरा पुरावा म्हणून दाखवावा लागला. आठ वर्षांनी आर्गोसच्या गल्लीबोळांत अडकल्यावर त्याने शिरस्त्राणावरचं मानचिन्ह पुन्हा काढून सोबत्याला दिलं. या वेळी उपयोग झाला नाही. एका म्हातारीने छपरावरून फेकलेल्या कौलाने तो पडला. त्या बाईला राजा दिसलाच नव्हता, आपल्या मुलाशी लढणारा माणूस दिसला होता.

हीच शिंगं पुढे पूर्वेकडे दिसतात. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा युक्रेटायडीस आपल्या नाण्यांवर बैलाचं शिंग आणि कान लावलेलं शिरस्त्राण घालून बसलेला आहे. त्याच्या काही नाण्यांवर एका बाजूला ग्रीक मजकूर, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतला. अक्षरं दोन प्रकारची, कारण वाचणारे दोन प्रकारचे. पण शिंग एकच. नंदीला पाहून वाढलेल्या माणसाला आणि ग्रीक शिपायाला त्या शिंगात एकच गोष्ट दिसली असेल असं आपण का धरून चालावं?

ग्रीकांना स्वतःला या तुऱ्यांचं काय वाटत होतं? सगळे भारावले होते असं समजू नका. एस्किलसच्या 'थीब्जवर चाल करून आलेले सात' या इ.स.पू. ४६७ च्या नाटकात टायडियस तीन तुरे हलवत, ढालीच्या घंटा वाजवत येतो. त्यावर एतेओक्लीज जे उत्तर देतो त्याचा आशय एवढाच, की भाल्यावाचून तुऱ्याला दात नसतात. पण हेच शहाणपण सांगणारा एतेओक्लीज त्याच दिवशी भावाच्या हातून मरतो. चिन्हांचा फोलपणा ओळखणं आणि चिन्हांमागच्या वैरातून सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ॲरिस्टोफेनीसने तर पिसंच उपटली. इ.स.पू. ४२५ च्या नाटकात लामाकस हा सेनानी तुरे फडकवत येतो, आणि साधा शेतकरी डिकिओपोलिस त्याच्या शिरस्त्राणातलं पीस मागतो. कशाला? घशात घालून ओकायला. चार वर्षांनी 'शांतता' या नाटकात तह झाल्यावर तुरे बनवणारा कारागीर रडत येतो, धंदा बसला म्हणून. त्याच्या तुऱ्यांनी टेबल पुसता येईल का, याचा विचार होतो. प्रेक्षागृहात त्या वेळी किती जणांच्या घरी कुणाचं तरी रिकामं शिरस्त्राण खुंटीला असेल, ते मनात आणा. ते हसले असतील. पण तो विनोद करणाऱ्यावर तुरा म्हणजे शौर्य हा तक्ता लादता येणार नाही.

अर्थ लावणाऱ्यांची आपापसातली भांडणंही मजेदार असतात. पेरिक्लीसचा अर्धपुतळा तुम्ही चित्रात पाहिला असेल. मूळ पुतळा क्रेसिलसचा, आज रोमन प्रती उरल्या आहेत. शिरस्त्राण कपाळावरून मागे सारलेलं, चेहरा शांत. प्लुटार्क म्हणतो, पेरिक्लीसचं डोकं लांबट होतं, विनोदी कवी त्याला कांद्याची उपमा देऊन चिडवायचे, म्हणून शिल्पकार ते शिरस्त्राणाखाली झाकायचे. आजचे अभ्यासक बहुधा म्हणतात, ते सेनापतिपदाचं चिन्ह आहे. एकाला त्यात लपवणं दिसतं, दुसऱ्याला मिरवणं. आम्हाला वाटतं, सगळ्यांत महत्त्वाचं दोघांच्याही हातून निसटतं. शिरस्त्राण आहे, पण चेहऱ्यावर नाही. ते मागे सारलेलं आहे. हा माणूस लढाईत आज्ञा देणारा आहे आणि आत्ता तो नागरिकांशी बोलतो आहे, हे एकाच वेळी दाखवायचं तर दुसरा उपाय कोणता?

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. तो होमरकडे आहे.

'इलियड'च्या दहाव्या सर्गात मेरिओनीस ओडिसियसच्या डोक्यावर एक जुनं शिरस्त्राण चढवतो. आत कातड्याचे पट्टे, बाहेर रानडुकराच्या सुळ्यांच्या ओळी. होमरच्या काळात असली शिरस्त्राणं वापरात नव्हती. पुढे मायसीनी आणि डेंड्रा इथल्या थडग्यांत तशा सुळ्यांचे तुकडे मिळाले, तेव्हा कळलं की कवीने शेकडो वर्षं जुनी वस्तू नेमकी वर्णन केली होती. पण सुळे म्हणजे काय, हे कवी सांगत नाही. तो सांगतो की हे आधी अमिंतोरचं होतं, ओटोलिकसने घर फोडून चोरलं, मग कुणी कुणाला भेट दिलं, आणि शेवटी मेरिओनीसकडे आलं. चोरी करणारा ओटोलिकस हा ओडिसियसचा आजोबा. म्हणजे चोरलेली वस्तू फिरत फिरत नातवाच्या डोक्यावर आली. हा त्या शिरस्त्राणाचा 'अर्थ'. आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंचा अर्थही आपण असाच सांगतो: ही आजीची, तिला आत्याने दिली.

आणि सहाव्या सर्गात हेक्टर. चमकत्या शिरस्त्राणाचा हेक्टर, हे त्याचं नेहमीचं विशेषण. तो लढाईतून घडीभर शहरात येतो, बायको आंद्रोमाकी दाईसह भेटते, तो बाळाला घ्यायला हात पुढे करतो. बाळ काशाचा लखलखाट आणि वर हलणारा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून किंचाळतं आणि दाईच्या कुशीत तोंड लपवतं. आईबाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मग मुलाला घेतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. शत्रूला कळायचं का, हे आम्हाला अजूनही सांगता येत नाही. पण बाळाला कळलं. तक्ता पाठ नसलेल्या, गोष्टी न ऐकलेल्या, वर्षा-दोन वर्षांच्या पोराला कळलं की बापाचा चेहरा दिसत नाही आणि वर काहीतरी भयंकर हलतं आहे. तुरा शत्रूसाठी केलेला होता, त्याने काम केलं ते स्वतःच्या मुलावर. चिन्हाला पत्ता वाचता येत नाही. समोर जो असेल त्याच्यावर ते जाऊन आदळतं.

पुढे काय होतं ते फारसं कुणी सांगत नाही. सतराव्या सर्गात हेक्टर पॅट्रोक्लसच्या अंगावरून काढलेलं अकिलीसचं चिलखत घालतो आणि स्वतःचं आपल्या माणसांबरोबर ट्रॉयला पाठवून देतो. म्हणजे बाळ ज्याला घाबरलं ते शिरस्त्राण घरी परतलं. हेक्टर परतला नाही. तो मेला तेव्हा त्याच्या अंगावर दुसऱ्याची खूण होती.

मग अर्थ शोधूच नये का? असं आम्ही म्हणत नाही. 'याचा अर्थ काय' या प्रश्नाच्या आधी 'हे कोण पाहत होतं' हा प्रश्न ठेवावा, एवढंच म्हणणं आहे. शत्रू पाहत होता, शेजारचा सैनिक पाहत होता, लुटणारा, देव, हसणारा प्रेक्षक आणि घरातलं मूल पाहत होतं. प्रत्येकाचा रकाना वेगळा.

ऑलिंपियाच्या संग्रहालयात एक कोरिंथियन शिरस्त्राण आहे. त्यावर ना स्फिंक्स, ना साप. कडेला एवढीच अक्षरं, की मिल्टियाडीसने हे झ्यूसला अर्पण केलं. तो मॅरेथॉनचा विजेता. त्याने ते त्याच लढाईत घातलं होतं का, यावर वाद आहे. वाद नाही तो एवढाच, की एका माणसाने ते डोक्यावरून काढलं आणि खाली ठेवलं. आम्ही आयुष्यभर चिन्हं शिकवली, पण ग्रीकांनी ठेवलेलं सर्वांत स्पष्ट चिन्ह आम्हाला अलीकडे दिसलं. हेक्टरने ते मुलासाठी केलं, मिल्टियाडीसने देवासाठी. दोघांनीही शिरस्त्राण काढलं.

आज जगभर ग्रीक शिरस्त्राणाची चित्रं बनियनवर, गाड्यांवर, व्यायामशाळांच्या पाट्यांवर मिरवतात. लावणाऱ्यांवर आमचा राग नाही. त्या चित्राच्या आत चेहरा कुणाचा होता आणि तो घरी कुणाला दाखवायचा राहून गेला, एवढं एकदा मनात आणावं. तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं या विषयात काय काम, त्याचं उत्तर एवढंच.

त्या विद्यार्थिनीपर्यंत हे ध्वनिमुद्रण पोचलंच, तर तिला सांगायचं आहे: बाई, तुमचा प्रश्न बरोबर होता, आमचा तक्ता चुकीचा होता.